शेकडा किती?

विषय चौथा

माझा उजवा हात कोपरापर्यंत डासांच्या पिंजऱ्यात होता आणि खोलीतली बाकीची माणसं आपापले पाय खाजवत होती.

डास सगळे पिंजऱ्यातच होते. जाळी घट्ट होती. हात आत घालायला शिवलेली कापडी बाही माझ्या दंडाला नाडीनं बांधलेली होती. तरी अध्यक्ष डॉ. इंदापवार टेबलाखाली एका पायानं दुसरा पाय घासत होते, आणि सरकारच्या वतीनं आलेले उपसंचालक गद्रे अधूनमधून मानेवर चापट मारून तळहात तपासत होते. तळहातावर काही नसायचं. ते थोडे हिरमुसायचे.

"चावून राहिले का गं?" मंदाताईंनी विचारलं. मागच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात. खोलीत रांगा नव्हत्या, एकच टेबल होतं.

"नाही ताई. हे सगळे नर आहेत. नर चावत नाहीत."

"हे माझ्या सासरी सांगायला पाहिजे होतं चाळीस वर्षांआधी."

गद्रे हसले आणि त्यांनी गुडघा खाजवला.

फक्त एक माणूस खाजवत नव्हता. प्रा. घनश्याम पोफळी. खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून, नागपूरच्या मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळून बसलेले. ते झोपलेत असं नव्या माणसाला वाटायचं. जुन्यांना माहीत होतं की ते झोपले असते तर बरं झालं असतं.

विषय पहिला: मागच्या सभेत काय ठरलं ते कायम करणे

काही ठरलं नव्हतं. त्याच्या मागच्या सभेतही नाही, आणि त्याच्याही मागच्या.

हा विषय खरं तर आधी यायला हवा होता. पण तो वाचून दाखवला जात असताना कोणी ऐकत नसतं, म्हणून मी हात आत घालून सुरुवात केली.

ही समिती सल्लागार होती. जिवंत प्राणी, बियाणं, जंतू, काहीही नवं प्रयोगशाळेच्या दाराबाहेर न्यायचं असेल, तर सरकार आधी विचारायचं की समितीचं काय म्हणणं आहे. समितीला अधिकार कसलाच नव्हता, ती नुसता सल्ला द्यायची. पण तिचं म्हणणं आलं नाही तर सरकारचंही येत नसे, आणि सरकारचं आलं नाही तर माझा डास उडत नसे.

माझं काम सांगायला सोपं होतं. नर डासांना किरणांचा मारा देऊन वांझ करायचं आणि सावरडोह नावाच्या गावात हजारोंनी सोडायचं. मादीला असला जोडीदार मिळाला की तिची अंडी वाया. डास कमी, डेंगू कमी. आदल्या साली सावरडोहात घरटी एक माणूस तापानं पडलं होतं. तिथल्या सरपंचबाईंना मी शब्द दिला होता. डास सोडायचे ते पावसाळ्याच्या तोंडावर, नाहीतर उपयोग नाही. आणि पावसाळ्याआधीची ही शेवटची सभा. आज परवानगी मिळाली नाही तर साल गेलं. सालाबरोबर मीही गेले असते, कारण आमच्या संचालकांनी सांगून ठेवलं होतं, "ढोमणे, पुढल्या वर्षी ती डासांची खोली मला मधमाश्यांसाठी हवी आहे. मधमाशी निदान मध तरी देते."

मग अडत कुठं होतं? तर समितीत नाही कोणी म्हणत नसे. होही म्हणत नसे. तिथं एक जुना प्रघात होता: जो प्रश्न विचारेल, त्याच्याच गळ्यात त्या प्रश्नाची उपसमिती. तोच तिचा निमंत्रक, त्यानंच बैठका घ्यायच्या, त्यानंच अहवाल लिहायचा. त्यामुळे तिथं भलेभले तज्ज्ञ तोंडाला कुलूप लावून बसायचे. वनस्पतिशास्त्रातला एक नावाजलेला माणूस तीन वर्षं सदस्य होता. त्याचा आवाज मी फक्त चहाला साखर नको म्हणताना ऐकला.

प्रघाताला भीत नसत ते फक्त पोफळी सर. संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. उपसमित्या हाच त्यांचा संसार होता. माझा विषय निघाला की ते डोळे न उघडता विचारायचे, "नरांबरोबर माद्या जातात. शेकडा किती?"

मी म्हणायचे, "शून्य, सर."

ते म्हणायचे, "पुढल्या सभेत घेऊ."

तीन सभा. तोच प्रश्न, तेच उत्तर, तोच निकाल. आणि निकाल लागला की दारातून आलूबोंडे यायचे. आलूबोंडे आले की सभा संपली, हा दुसरा प्रघात. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण पहिल्यापेक्षा कडक पाळला जायचा.

विषय दुसरा

पुढील सभेत घ्यावा.

विषय तिसरा: मंदाताई

त्या विषयपत्रिकेवर नव्हत्या, पण त्यांच्याशिवाय माझा हात पिंजऱ्यात गेला नसता.

अशा समितीवर एक साधा नागरिक असावाच लागतो. ज्याला विज्ञानातलं काही कळत नाही असा, म्हणजे बाकीच्यांना आपण काय बोलतोय ते एकदा तरी सोपं करून सांगावं लागतं. नागरिक म्हणून मंदाताई निखाडे आल्या होत्या. झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांनी पंचवीस हंगाम गाजवले होते. रात्रभर चालणारी नाटकं, शेतात उभारलेला मंच, थंडीत चादरी पांघरून बसलेली पाच-पाच गावं. आता वडशाला राहायच्या आणि समितीच्या दिवशी बसनं नागपूरला यायच्या. येताना पोह्याचा डबा आणायच्या आणि सभा रंगत नाही म्हणून कुरकुरायच्या.

तिसऱ्या सभेनंतर जिन्यात त्यांनी मला गाठलं. मी रडत नव्हते, पण रडायला जागा शोधत होते.

"पोरी, नाटक पडावं तशी पडतेस तू तिथं," त्या म्हणाल्या. "पायऱ्या चढून येतेस, कागद वाचतेस, शून्य म्हणतेस, खाली बसतेस. कोण ऐकेल? गर्दीसमोर उभं राहायचं तर काही घडायला पाहिजे."

"काय घडवू?"

"चावत नाहीत म्हणतेस ना? मग घाल हात. सगळे बोलतील तेवढा वेळ ठेव आत. बघू कोण नाही म्हणतो ते."

मला ते एकदम पटलं. डासांची माणसं असं करतातच. आमच्याकडे माद्यांना रक्त पाजायला लोक हात देतात. नरांच्या पिंजऱ्यात हात घालणं म्हणजे तर वाऱ्यात हात धरणं.

चौथ्या सभेच्या दिवशी मी लवकर पोचले. पिंजऱ्यात शंभरेक नर. आदल्या दिवशी माझी सहकारी फरीदा आणि मी कोश चाळून वेगळे काढले होते: नराचा कोश बारीक, मादीचा ठसठशीत, मधे चाळणी. मंदाताई माझ्याही आधी येऊन बसल्या होत्या. खोलीतला कूलर मी बंद केला, वाऱ्यानं डास जाळीला चिकटून बसतात म्हणून. हाताला सकाळच्या साबणाचा वास होता. तो घालवायला मला नळावर जायचं होतं आणि पिंजरा एकटा सोडवत नव्हता.

"जा तू," मंदाताई म्हणाल्या. "मी बसते यांच्याजवळ. पळून थोडेच जातात."

विषय चौथा, पुढे चालू

तर हात आत. बाहेर पंचेचाळीस अंश, आत कूलर बंद. इंदापवारांच्या कपाळावरून घाम चष्म्यात उतरत होता. पण समितीत मी पहिल्यांदाच एक गोष्ट बघत होते: सगळे जागे होते. वनस्पतिशास्त्रवाले खुर्ची सरकवून जवळ आले. गद्र्यांनी विचारलं, यांचं आयुष्य किती, खातात काय. मी सांगितलं, फुलांचा रस. गद्रे म्हणाले, म्हणजे आमच्या साहेबांपेक्षा बरे. लोक हसले. डास माझ्या मनगटावर, बोटांवर उतरत होते आणि काही न करता उडून जात होते, पाहुण्यांसारखे, चपला घालूनच.

मंदाताई मधेच उठल्या, पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा हो. पाव घंटा झाला. पोरीच्या तोंडावर रेष नाही."

इंदापवारांनी घसा साफ केला. त्यांच्या समोर त्या वर्षीचा पहिला होकार उभा होता आणि त्यांना तो कसा हाताळायचा ते कळत नव्हतं. ते टंकलेखिकेला सांगू लागले, "समितीने प्रत्यक्ष पाहिले की…"

तेव्हा मला चावलं.

मनगटाच्या खालच्या बाजूला, शिरेवर. आधी टोचणी, मग ती ओळखीची, हळूहळू पसरणारी आग. मी डासांची डॉक्टर आहे. मला ती आग झोपेतही ओळखू येते. नराच्या सोंडेला कातडी भेदायचं टोकच नसतं.

मी हात तसूभरही हलवला नाही.

"…की सदर डास मनुष्यास दंश करीत नाहीत," इंदापवार सांगत होते, "सबब प्रस्तावित कामास या समितीची हरकत…"

कुठलीही खाज सोसवते, पण परवानगीचं वाक्य पुरं व्हायची वाट बघत सोसायची खाज वेगळी. माझ्या पायांचे अंगठे चपलेत वळले. एक डोळा आपोआप बारीक झाला. तो मी हसण्यात लपवला. मनात हिशेब धावत होता. मनगटाची खालची बाजू. कोणाला दिसणार नाही. हात काढताना बाही खाली ओढली की झालं. एक मादी. शंभरात एक? की हजारात एक आणि नेमकी तीच आज इथं? आम्ही सावरडोहात दर आठवड्याला वीस हजार सोडणार होतो. शंभरात एक म्हणजे दोनशे. दोनशे चावणाऱ्या माद्या, मी स्वतःच्या हातानं, शब्द देऊन, त्या सरपंचबाईंच्या अंगणात.

आणि नाही सोडले तर माझ्या खोलीत मधमाश्या.

मी समोर बघितलं. सगळे इंदापवारांच्या तोंडाकडे बघत होते. फक्त मंदाताई माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. पंचवीस हंगाम रंगमंचावर काढलेल्या बाईच्या चेहऱ्यावर काही नाही, याचा अर्थ तेव्हा मला लागला नाही.

"…या समितीची हरकत नाही," इंदापवारांनी वाक्य संपवलं आणि स्वतःच दचकले. मग त्यांनी सवयीनं विचारलं, "कोणाचा काही प्रश्न?"

सगळे पोफळी सरांकडे वळले. त्यांनी डोळे उघडले. पिंजऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "माझा काही प्रश्न नाही."

दार ढकललं गेलं. आलूबोंड्यांचा वास आत आला.

अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारा विषय

"माझा आहे," मी म्हणाले.

बोंड्यांचं ताट दारातच थांबलं. अर्जदारानं प्रश्न विचारायची तरतूद नव्हती, मनाईही नव्हती; इतका अडाणी अर्जदार तोवर झाला नव्हता.

मी नाडी सोडली, हात बाहेर काढला आणि टेबलावर उताणा ठेवला. मनगटावर लाल गांधी, मधोमध टिंब. वर्तुळ नीटनेटकं, शिक्क्यासारखं.

"नरांबरोबर माद्या जातात," मी म्हणाले. "शेकडा किती?"

गद्र्यांनी खाजवायचं थांबवलं.

"मॅडम, हे तुम्हीच सांगायचं ना," इंदापवार काकुळतीला येऊन म्हणाले. "इतके दिवस तुम्ही शून्य म्हणत होतात. मी आत्ताच हरकत नाही असं सांगितलं. टंकून झालं आहे."

"मी मोजलंच नव्हतं, सर. चाळणी चांगली आहे म्हणून शून्य म्हणत होते."

"मग किती?" हा पोफळी सरांचा आवाज होता. मफलर सोडत होते.

"माहीत नाही."

त्या खोलीत तीन वर्षांत हे दोन शब्द कोणी उच्चारले नव्हते. तज्ज्ञांची समिती होती ती. लोक म्हणायचे, 'अभ्यास चालू आहे', 'आकडे येत आहेत', 'तज्ज्ञांत मतभेद आहेत'. पोफळी सरांनी माझं उत्तर जरा वेळ चाखलं. मफलर घडी करून खिशात ठेवला. उकडतंय हे त्यांना त्या दिवशी प्रथमच जाणवलं असावं.

"ढोमणे," ते म्हणाले, "शून्य म्हणणाऱ्याला मी काय उत्तर देऊ? माहीत नाही म्हणणाऱ्याबरोबर काम करता येतं. इंदापवार, घाला उपसमिती."

"कोणाची?"

"प्रश्न कोणी विचारला?"

इंदापवारांनी डोकं धरलं. अर्जदार स्वतःच्याच अर्जाच्या उपसमितीचा निमंत्रक, असं कुठं झालंय का, वरून विचारणा आली तर तोंड कुठं लपवायचं, असं बरंच ते बोलले.

"प्रघात म्हणजे प्रघात," मंदाताई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी दारातलं ताट स्वतः जाऊन घेतलं आणि पहिला बोंडा माझ्यासमोर ठेवला. "खा. डाव्या हातानं खा, उजवा खाजव."

शेवटी पोफळी सरांनीच तोड काढली: मोजायचं मी, तपासायचं त्यांनी. समितीचं म्हणणं त्या सालापुरतं पुन्हा 'अजून नाही' झालं. टंकलेला कागद इंदापवारांनी स्वतः फाडला, पण जपून, चार सारख्या तुकड्यांत.

त्या पावसाळ्यात सावरडोहात डास सोडले गेले नाहीत. सरपंचबाईंना मी जाऊन सांगितलं. त्यांनी चहा दिला नाही. लोक पुन्हा तापानं पडले, आणि त्याची अजूनही मला कोणी आठवण करून द्यावी लागत नाही.

खोली मात्र राहिली. कारण संचालक मधमाश्या घेऊन आले तेव्हा पोफळी सरांनी त्यांना कळवलं की ज्या गोष्टीवर समितीची उपसमिती बसली आहे ती बंद कशी करता येईल. उपसमित्यांचा हा उपयोग मला तोवर कळला नव्हता. फरीदा, मी आणि भिंग, पूर्ण पावसाळा. पोफळी सर बाजूला बसून आमची मोजलेली प्रत्येक दहावी थाळी परत मोजायचे. हजारात पाच माद्या निघाल्या. शेकडा अर्धा. मग आम्ही दुसरी चाळणी लावली, आणि पुढल्या साली परवानगी मिळाली. सावरडोहात डास गेले. सरपंचबाईंनी चहा दिला. साखर कमी होती.

आभार

मंदाताईंना भेटायला मी वडशाला गेले ते बऱ्याच वर्षांनी. तोवर इंदापवार निवृत्त झाले होते आणि त्यांच्या खुर्चीत मी बसत होते. मंदाताई पलंगावर होत्या, पाय सुजलेले, आवाज तसाच. खिडकीत जुना कूलर घरघरत होता. बोलता बोलता माझ्या दंडावर एक डास बसला. पट्टेरी, माझ्याच जातीचा. मी मारायला हात उचलला.

"मारू नको," त्या म्हणाल्या. "तिच्या आजीनं तुझं भलं केलंय."

मी उचललेला हात खाली घेतला.

"तू नळावर गेलीस ना, हात धुवायला. मी एक सोडली होती पिंजऱ्यात. माझ्या कूलरमधली. बाटलीत घालून बसनं आणली."

"ताई, मादीच आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"कळायचंय काय त्यात? पहाटे उठून उघडे पाय करून बसले. जी चावायला आली तीच धरली."

म्हणजे त्या दिवशीचे माझे शंभर नर निर्दोष असतील. म्हणजे ती गांधी माझ्या चाळणीची नव्हती, वडशाच्या कूलरची होती. म्हणजे मी सगळी समिती, सगळा पावसाळा, सावरडोहातलं अख्खं साल एका बाटलीतल्या डासापायी… पण हजारात पाच निघाल्या होत्या. त्या तर कोणी बाटलीत आणल्या नव्हत्या.

"मला डेंगू झाला असता तर?"

"झाला का?"

"नाही."

"मग." त्यांनी उशी सरळ केली. "पोफळी तेच तेच विचारत होता, तू तेच तेच सांगत होतीस. इतक्यांदा तोच संवाद म्हणणारी नटी मी कोणाच्या गावात सोडत नसते. म्हटलं, बघू तरी. पोरगी पडदा पाडते की सांगून टाकते."

"आणि मी लपवलं असतं तर?"

"तर मी उठले असते ना. नागरिक होते मी त्या समितीवर." मग डोळे मिचकावून, "माझं भाषण पाठ होतं. तू वाया घालवलंस."

रात्री पोफळी सरांना फोन केला. नव्वदीला टेकले होते, ऐकू कमी यायचं, तीनदा मोठ्यानं सांगावं लागलं: बाटली, कूलर, मंदाताई. तिसऱ्यांदा पलीकडून काही आवाज आला तो मला आधी खोकला वाटला. ते हसत होते. मी त्यांना तोवर हसताना ऐकलं नव्हतं. बराच वेळ हसले.

"ढोमणे," ते म्हणाले, "तुला चावली ती मंदाबाईंचीच, कशावरून? पिंजऱ्यात तुझ्याही असणार. शेकडा किती?"